टेक-ऑफच्या आधी टॉवर आणि वैमानिक नेमकं काय बोलतात?

उजळाईवाडीकर
नमस्कार मंडळी. आमच्या भाचीनं यंदा फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं आणि आता एअर ट्रॅफिक कंट्रोलरच्या परीक्षेचा ध्यास घेतलाय. घरात त्यावरून दोन तट पडलेत. तिच्या आजोबांचं म्हणणं, माइकवर 'जा' आणि 'थांब' एवढंच तर सांगायचं, त्याला परीक्षा कशाला? तिच्या आईला उलट धास्ती, की एक शब्द इकडचा तिकडे झाला तर शेकडो माणसांचा जीव जाईल.

विमानं रोज डोक्यावरून जातात, पण आत काय चालतं हे आमच्यापैकी कुणालाच धड ठाऊक नाही. विमान जागेवरून हलल्यापासून चाकं सुटेपर्यंत टॉवर आणि वैमानिक यांच्यात काय बोलणं होतं? शेवटचा शब्द कुणाचा? आणि कोल्हापुरातून मुंबईला निघालेलं विमान दार लावून उभं राहतं, ते कुणामुळं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

तांबडा_पांढरा
लई भारी विषय काढला भावा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मलाबी पायजे. कोल्हापुरात एवढं मोकळं आभाळ, गर्दी कुठं हाय? मग थांबायचं कशापायी?

मीरा_राजारामपुरी
वाचतेय. भाचीला शुभेच्छा. आपल्या गावच्या मुली या क्षेत्रात जायला हव्यातच.

टॉवरकाका
मी याच खात्यातून निवृत्त झालो. कोल्हापुरात नेमणूक नव्हती, पण एकच धावपट्टी असलेल्या लहान विमानतळांवर बरीच नोकरी झाली. सविस्तर सांगतो.

बोलणं इंजिन सुरू होण्याआधीच सुरू होतं. वैमानिक क्लिअरन्स मागतो. नियंत्रक सांगतो, कुठं जायचंय, कोणत्या मार्गानं, आधी किती उंचीपर्यंत चढायचं. सोबत चार आकडी स्क्वॉक देतो. तो विमानातल्या ट्रान्सपॉन्डरवर लावला की रडारच्या पडद्यावर ते विमान ओळखू येतं. वैमानिकानं हे सगळं परत म्हणून दाखवायचं, त्याला आम्ही रीडबॅक म्हणतो. ही मंजुरी मार्गाची आहे, उडण्याची नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मग टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडं नेणं. कोणती धावपट्टी, कुठपर्यंत यायचं आणि हवेचा दाब, म्हणजे क्यूएनएच. दाब चुकीचा लावला तर उंचीमापक चुकीची उंची दाखवतो, म्हणून त्याचाही रीडबॅक. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५. २५ म्हणजे विमानाचं तोंड साधारण २५० अंशांवर, पश्चिमेला हायवेच्या अंगाला. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं, त्यामुळं पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की २५ वापरायची.

धावपट्टीवर घ्यायचं, पण अजून सोडायचं नाही, तेव्हा 'लाइन अप अँड वेट'. मग नियंत्रक धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेखालून घालतो. गाडी, माणूस, कुत्रं, घारी, उतरायला येणारं विमान, सगळं बघतो आणि मगच म्हणतो: 'विंड टू सिक्स झिरो डिग्रीज, वन टू नॉट्स, रनवे टू फाइव्ह, क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ.' वैमानिक धावपट्टीचा आकडा, परवानगी आणि स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, परत म्हणतो. नियंत्रकानं ते कान देऊन ऐकायचं, त्याला हिअरबॅक म्हणतात. आजोबांना सांगा, 'जा' म्हणणं सोपं आहे. समोरच्यानं काय ऐकलं ते ओळखणं हे खरं काम.

आणि 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त परवानगी देताना आणि ती रद्द करताना वापरायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. या नियमामागं ५८३ माणसांचा मृत्यू आहे.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली
५८३? कुठं झालं हे?

टॉवरकाका
टेनेरिफ, कॅनरी बेटं, २७ मार्च १९७७. शेजारच्या ग्रान कॅनारियाच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून मोठमोठी विमानं लॉस रोदेओस या लहान विमानतळावर वळवली होती. जागा पुरेना, टॅक्सीवेवरही, म्हणजे धावपट्टीकडं जायच्या रस्त्यावरही, विमानं उभी केलेली. त्यामुळं निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच उलट दिशेनं टोकापर्यंत जावं लागत होतं. याला बॅकट्रॅक म्हणतात. लहान विमानतळांवर ही रोजची पद्धत आहे. एटीआरसारखं लहान प्रवासी विमान धावपट्टीवरून रमतगमत टोकाला जातं आणि तिथं गर्रकन वळून उभं राहतं, ते तुमच्यापैकी अनेकांनी खिडकीतून पाहिलं असेल.

त्या दिवशी केएलएम या डच कंपनीचं बोइंग ७४७ टोकाला जाऊन वळलं. पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं ७४७ त्याच धावपट्टीवर मागून येत होतं. धुकं एवढं, की दोघांना एकमेकांची विमानं दिसत नव्हती आणि टॉवरला दोन्ही दिसत नव्हती. जमिनीवरचं रडार नव्हतं. टॉवरनं केएलएमला मार्गाची मंजुरी दिली. तिच्यात 'टेक-ऑफनंतर उजवीकडे वळा' अशा अर्थाचं वाक्य होतं. उडायची परवानगी नव्हतीच. सहवैमानिकानं रीडबॅक दिला आणि शेवटी म्हणाला, 'वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ.' टॉवरला वाटलं, उडायला तयार होऊन उभे आहेत. प्रत्यक्षात कॅप्टननं ब्रेक सोडले होते.

टॉवर म्हणाला, 'ओके', आणि किंचित थांबून, 'थांबा, मी सांगतो.' नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमनं सांगितलं, 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत.' दोघं एकदम बोलले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके'नंतर मोठी शिट्टी वाजली. त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. पॅन ॲम अजून बाजूला झालेलं नाही का, असं त्यानं विचारलं. कॅप्टननं ठासून सांगितलं, झालंय. केएलएमचं धावतं विमान पॅन ॲमवर आदळलं. केएलएममधलं कुणी वाचलं नाही, पॅन ॲममधले ६१ जण वाचले.

नोकरीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगायचो. त्या बोलण्यातले एक-दोन शब्दच सैल होते. आपण बरोबरच बोललो, असं प्रत्येकाला वाटत होतं.

मीरा_राजारामपुरी
अंगावर काटा आला काका. पण दोघं एकदम बोलले तर शिट्टी का वाजते? मोबाइलवर तर दोघांचंही ऐकू येतं.

प्रॉपवाली
मी सांगते. मी टर्बोप्रॉप, म्हणजे पंखे फिरणारं विमान, उडवते. माहेर कोल्हापूर.

मोबाइलला दोन वाटा असतात, बोलण्याची वेगळी आणि ऐकण्याची वेगळी. आमच्या रेडिओला एकच वाट. बटण दाबून मी बोलत असेन तेव्हा मला काहीच ऐकू येत नाही, आणि त्या फ्रीक्वेन्सीवरच्या सगळ्यांना फक्त मी ऐकू येते. दोघांनी एकदम बटण दाबलं की दोन लहरी एकमेकींवर आदळतात आणि ऐकणाऱ्याला शिट्टी किंवा खरखर येते. विमानांचा रेडिओ आजही एएम पद्धतीचा आहे. एफएममध्ये जोराचा आवाज दुबळ्या आवाजाला पुरता गिळून टाकतो आणि दुसरं कुणी बोललं हे कळतही नाही. एएममध्ये निदान घोटाळा झाल्याचं कळतं. तेव्हा ताबडतोब 'से अगेन' म्हणायचं. त्यात लाज कसली?

हेलिकॉप्टर_शॉट
म्हणजे नियंत्रकानं एकदा सोडलं की वैमानिकाला थांबता येत नाही?

प्रॉपवाली
येतं. परवानगी म्हणजे सक्ती नव्हे. मला कॉकपिटमधला एखादा दिवा आवडला नाही, वारा बदलला, पक्ष्यांचा थवा दिसला, तर मी 'नाही' म्हणते आणि उभी राहते. शेवटचा शब्द कॅप्टनचा. उलट बाजूनं, टॉवरला काही दिसलं तर विमान उभं असताना 'होल्ड पोझिशन, कॅन्सल टेक-ऑफ' आणि धावायला लागलं असेल तर 'स्टॉप इमिजिएटली'. दोन्ही सूचना दोनदा उच्चारायच्या असा नियम आहे.

पण थांबण्यालाही हद्द असते. प्रत्येक उड्डाणाआधी आम्ही व्ही-वन नावाचा वेग काढतो. विमानाचं वजन, तापमान, वारा, धावपट्टीची लांबी आणि ती ओली की कोरडी यावर तो ठरतो. त्या वेगाच्या आत थांबायचं ठरवलं तर उरलेल्या धावपट्टीत थांबता येतं. त्यापुढं गेलं की उडायचंच, एक इंजिन बंद पडलं तरी. आपल्या विमानतळाची धावपट्टी आधी १३७० मीटर होती, ती १९३० मीटर झाली. गावात चर्चा झाली ती मोठी विमानं येणार याची. माझ्या दृष्टीनं थांबायला मिळालेली जागा जास्त मोलाची.

पेठकर_आजोबा
विमानतळाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. हा विमानतळ १९३९ सालचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या दूरदृष्टीतून उभा राहिलेला. देशातल्या कित्येक मोठ्या शहरांना विमानतळाचं नाव माहीत नव्हतं तेव्हा उजळाईवाडीच्या माळावर विमान उतरत होतं. नव्या पिढीनं हे विसरू नये.

तांबडा_पांढरा
आजोबा, जगात भारी! पण माझा प्रश्न तसाच राहिला. मोकळ्या आभाळात थांबायचं कशापायी?

प्रॉपवाली
@तांबडा_पांढरा, कारण बहुतेक वेळा मुंबईत असतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते. तासाभरात किती विमानं चढणार-उतरणार याला ठाम मर्यादा आहे. गर्दी वाढली की दिल्लीच्या केंद्रातून आम्हाला उड्डाणाची ठरावीक वेळ दिली जाते, सीटीओटी म्हणतात तिला. हेतू असा, की मुंबईवर इंधन जाळत घिरट्या घालण्यापेक्षा जमिनीवर थांबावं. वेळ पुढं सरकली तर कोल्हापूरच्या टॉवरच्या हातात काही नसतं. प्रवासी चिडतात, केबिन क्रूला बोलतात, मला वाईट वाटतं. जमिनीवर घालवलेला वेळ सगळ्यात सुरक्षित असतो.

तांबडा_पांढरा
आता पटलं बघा. हे पायलटनं माइकवर एवढ्याच सोप्या भाषेत सांगितलं तर निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

मिरज_जंक्शन
काकांचं वाचून राहवलं नाही. मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर घ्यायची, आणि नुसतं 'हो, सोडा' चालत नाही. पुढचा मास्तर आपल्या पुस्तकातला प्रायव्हेट नंबर सांगणार, तो मी परत म्हणून दाखवणार आणि वहीत लिहिणार. नंबर नाही तर गाडी नाही. रोजच्या ओळखीचा माणूस फोनवर असला तरी त्यातून सूट नाही. ओळख वाढली की बोलण्यातली काटेकोरी हळूहळू सैल पडते. अपघाताला तेवढी फट पुरते.

टॉवरकाका
@मिरज_जंक्शन, अगदी माझ्या मनातलं बोललात. आमच्याकडेही तोच धोका. रोज तेच विमान, तीच वेळ, तोच आवाज. काल म्हणाला तेच आज म्हणेल असं कान धरून चालतात. माणूस अपेक्षित तेच ऐकतो. चुकीचा रीडबॅक कानावरून निसटतो तो असाच.

शिवाजी_विद्यापीठ_कॅन्टीन
थोडा वेगळा सूर लावतो. एवढा घोळ शब्दांचा आहे तर मराठीत नाही, निदान हिंदीत का बोलत नाहीत? आपल्याच देशातले वैमानिक, आपलेच नियंत्रक. परक्या भाषेत चूक होण्याची शक्यता जास्तच की.

प्रॉपवाली
मराठी माझीही मायबोली आहे, पण इथं मी इंग्रजीच्या बाजूची. मी फक्त माझ्यासाठी नसते ऐकत. टॉवर दुसऱ्या विमानाला काय सांगतोय त्यावरून धावपट्टीवर कोण आहे, मागून कोण येतंय याचं चित्र मनात तयार होतं.

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर मे २००० मध्ये एका फ्रेंच विमानाला उडायची परवानगी फ्रेंचमध्ये दिली गेली. दुसरं लहान मालवाहू विमान मधल्या टॅक्सीवेवर होतं, त्याच्याशी बोलणं इंग्रजीत. नियंत्रकाला वाटलं तेही टोकालाच आहे, म्हणून त्याला त्या विमानामागं लाइन अप व्हायला सांगितलं. लहान विमानाच्या वैमानिकांना आधीची फ्रेंच परवानगी उमगली नाही. ते धावपट्टीवर आले आणि धावत्या विमानाच्या पंखानं त्यांचं कॉकपिट कापलं. एक वैमानिक जागीच गेला.

शिवाजी_विद्यापीठ_कॅन्टीन
हे माहीत नव्हतं. तरी एक मुद्दा सोडत नाही. इंग्रजी उच्चार प्रांताप्रांताला बदलतात, त्याचं काय?

टॉवरकाका
त्यावरही विचार झालाय. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर' म्हणायचं, खरखरीतही आकडे वेगळे ऐकू यावेत म्हणून. शिवाय नियंत्रक आणि वैमानिक दोघांची इंग्रजी बोलण्याची परीक्षा होते आणि आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर किमान चौथी पातळी लागते. साहित्यिक इंग्रजी नको. स्पष्ट आणि सावकाश हवं.

हेलिकॉप्टर_शॉट
१९७७ आणि २००० जुनं झालं. आता असं होत नसेल.

मीरा_राजारामपुरी
होतं हो. जून २०२४ मध्ये मुंबईत एक विमान उडत असतानाच त्याच धावपट्टीवर मागून दुसरं उतरलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही.

टॉवरकाका
आणि त्याच वर्षी २ जानेवारीला टोकियोच्या हानेदा विमानतळावर. तटरक्षक दलाचं लहान विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. टॉवरनं त्याला होल्डिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे धावपट्टीच्या बाहेर थांबायच्या जागेपर्यंत, यायला सांगताना 'नंबर वन' म्हटलं, म्हणजे रांगेत तुझा पहिला क्रमांक. वैमानिकाचा समज झाला की धावपट्टीवर जायला मोकळीक मिळाली. तिथं तो उभा असताना जपान एअरलाइन्सचं ए-३५० त्याच्यावर उतरलं. लहान विमानातल्या ६ पैकी ५ जण गेले. मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण सामान जागच्या जागी टाकून बाहेर पडले म्हणून वाचले.

त्यात रीडबॅक बरोबर होता, हे मला फार लागलं. शब्द तोंडानं बरोबर म्हटले, पण डोक्यात वेगळंच चित्र उभं राहिलं. म्हणून नुसत्या शब्दांवर विसंबून चालत नाही. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांची ओळ असते, जमिनीवरचं रडार असतं. आणि त्याहून आधी, बाहेर बघणारे डोळे असतात.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली
मग ही सगळी कटकट संगणकाला का देत नाहीत? मेसेज पाठवा, पडद्यावर वाचा, विषय संपला.

प्रॉपवाली
मोठ्या विमानतळांवर मार्गाची मंजुरी मेसेजनं येतेच. पण धावपट्टीवर क्षणाक्षणाला चित्र बदलतं. तिथं मला पडद्यात डोकं घालायचं नसतं, बाहेर बघायचं असतं. म्हणून टेक-ऑफची परवानगी आवाजातच.

मिरज_जंक्शन
रेडिओच बंद पडला तर?

टॉवरकाका
टॉवरमध्ये प्रकाशाची बंदूक असते, मोठ्या बॅटरीसारखी, हातात धरून विमानावर रोखायची. जमिनीवरच्या विमानाला स्थिर हिरवा दाखवला तर उडायची परवानगी, स्थिर लाल म्हणजे थांब, लुकलुकता हिरवा म्हणजे टॅक्सी कर, लुकलुकता पांढरा म्हणजे निघालास तिथं परत जा. ती रोज तपासून ठेवायची, वापरायची वेळ क्वचितच येते.

उजळाईवाडीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. घरात सगळं वाचून दाखवलं. भाचीच्या आईनं विचारलंय, ताण किती असतो? आणि प्रशिक्षण कुठं?

टॉवरकाका
ताण आहे, खोटं सांगणार नाही. म्हणूनच सलग किती वेळ ड्युटी, मध्ये किती विश्रांती, याचे नियम आहेत. मद्य आणि अमली पदार्थांची तपासणी होते, वैद्यकीय चाचणी ठरावीक काळानं होते. भरती विमानतळ प्राधिकरणाची, परवाना डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. फिजिक्स आणि गणित दोन्ही घेऊन बीएस्सी असेल तर ती पात्र. वयाची अट आहे, जाहिरात नीट वाचावी. प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियात. त्यानंतर नेमणुकीच्या ठिकाणी अनुभवी नियंत्रकाच्या शेजारी बसून शिकायचं. त्या जागेचं रेटिंग, म्हणजे तिथं काम करण्याची मान्यता, मिळाल्याशिवाय एकटीच्या हाती माइक येत नाही, आणि बदली झाली की नव्या जागी पुन्हा रेटिंग.

तिच्या आईला म्हणावं, एका शब्दावर सगळं लटकलेलं नसतं. दोन वैमानिक ऐकतात, नियंत्रक ऐकतो, शेजारचं विमान ऐकतं. टेनेरिफला फ्लाइट इंजिनिअरची शंका दाबली गेली. आता कनिष्ठानंही ठामपणे बोलावं, हे वैमानिकांना मुद्दाम शिकवतात.

प्रॉपवाली
एक विनंती सगळ्या कोल्हापूरकरांना. आमचं आणि टॉवरचं बोलणं कितीही चोख असलं तरी खालून कुणी लेसर मारला तर त्या क्षणी समोरचं काही दिसत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेसोबत लेसर आभाळात फिरतात. विमानतळाभोवती त्याला बंदी आहे. तसंच विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा टाकू नये असा नियम आहे, कारण कचऱ्यावर घारी येतात. चाकं सुटताना इंजिनात पक्षी गेला तर हाती फार थोडा वेळ असतो.

तांबडा_पांढरा
ताई, आमच्या तालमीच्या मंडळाची मिटिंग रविवारी हाय. लेसर बंद हा विषय मी स्वतः मांडतो. शेजारच्या दोन मंडळांनाबी सांगतो. गोकुळ शिरगाव, मुडशिंगी, तामगाव, नेर्लीकडं कुणाची ओळख असेल तर तिथल्या मंडळांना कळवा.

मिरज_जंक्शन
नेर्लीत माझे व्याही आहेत. आज संध्याकाळी फोन करतो.

उजळाईवाडीकर
भाची शेजारीच बसलीय. विचारतेय, भरतीतल्या आवाजाच्या चाचणीत काय बघतात?

टॉवरकाका
समोर मजकूर देऊन वाचायला सांगतात. तोतरेपणा आहे का, आकडे एकमेकांत मिसळतात का, आवाज रेडिओवर समजेल असा आहे का, ते बघतात. तिला म्हणावं रोज पेपर मोठ्यानं वाच, घाई न करता. आणि कुणाला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवून आकडे सांग, त्याला ते लिहायला लाव, मग ताडून बघ. आजोबांनाच बसवा त्या कामाला.